३५-७० आणि ११०: मीडियम फॉरमॅटच्या दोन लेन्स, नागपुरातल्या वापरानंतर

फुजीफिल्म जीएफएक्स ५० एस टू हा मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला तेव्हा ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, "८० मिमीची एफ १.७ लेन्स का नाही घेतली?" (एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्स किती उघडते त्याचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त आणि मागचं धूसर.) मी ३५-७० मिमीची झूम आणि ११० मिमी एफ २ घेतल्या. पोळ्यापासून संत्र्याचा हंगाम संपेपर्यंत सगळं काम या जोडीवर निघालं.

सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिमी. फुल फ्रेमच्या (३६ बाय २४ मिमी सेन्सर) हिशेबात बघायचं तर ०.७९ ने गुणा: ३५-७० म्हणजे साधारण २८-५५, ११० म्हणजे ८७.

३५-७० चं एफ ४.५-५.६ ऐकून लोक नाक मुरडतात. महाल भागातल्या गल्लीत वाड्याचा दर्शनी भाग घ्यायचा तर ट्रायपॉडवर एफ ८ लावायचंच असतं. तिथे एफ १.७ काय कामाचं? वजन ३९० ग्रॅम, दिवसभर खांद्याला जाणवत नाही. अ‍ॅपर्चरची रिंग नाही, ते कॅमेऱ्याच्या डायलवरून करावं लागतं. सवय होते.

११० हे वेगळंच प्रकरण. किलोभर वजन, पण कळमना बाजारात संत्र्यांच्या ढिगाशेजारी बसलेल्या आजोबांचा चेहरा जवळून घेतला, तेव्हा एफ २ वर पापणीचा केस न् केस मोजता येत होता आणि कान पार विरघळला होता. गिऱ्हाइकाला असा कान चालत नाही. मी एफ ४ वर काढतो. मिशी, सुरकुत्या, फेट्याची कड सगळं हाती लागतं, मागचे ढीग तरी मऊच राहतात. अडचण एकच, ही ९० सेंटिमीटरच्या आत येत नाही. एका संत्र्याची साल फ्रेमभर हवी असेल तर १२० मॅक्रोच (अगदी जवळून काढायची लेन्स) पाहिजे, ती मी भाड्याने आणतो.

तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या (पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या) गर्दीत मात्र ११० नेऊ नका. या बॉडीत फक्त कॉन्ट्रास्ट ऑटोफोकस (लेन्स पुढेमागे करून फोकस शोधणारी, हळू पद्धत) आहे, धावपळ टिपणं हे तिचं कामच नाही. झूम ३५ वर, एफ ८, अंतर आधीच ठरवून, तेवढंच जमतं.

जुन्या फुल फ्रेम लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लावून पैसे वाचवायचा विचार असेल तर आधी फोटोचे कोपरे काळे पडतात का ते बघा. त्या ४३ मिमी कर्णासाठी बनलेल्या, इथे कर्ण जवळपास ५५. पेंटॅक्स ६४५ या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याच्या लेन्स पूर्ण फ्रेम भरतात, फोकस मात्र हाताने.

आणि मे महिन्यात दुपारी लांबची इमारत काढूच नका. रस्त्यावरची थरथरती हवा ५१ मेगापिक्सेलमध्ये आणखी स्पष्ट दिसते, लेन्स कितीही महाग असो.

८० अजून घेतलेली नाही. ५५ आणि ८७ च्या मधलं अंतर मी दोन पावलं चालून भरून काढतो.