ज्येष्ठ नागरिक संघाची गुरुवारची व्याख्याने : कोणती चुकवू नयेत, कोणती चुकली तरी चालतील

कोल्हापुरात ज्येष्ठ नागरिकांचे संघ पेठोपेठी आहेत आणि वाढदिवस, भजन, सहल व रक्तदाब तपासणी हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. आमच्या भागातील संघाने त्यात दर गुरुवारी सायंकाळी पाच वाजता पाहुण्या वक्त्याच्या व्याख्यानाची भर घातली असून, वार्षिक वर्गणी भरलेल्या सभासदाला त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. गेल्या वर्षभरातील बहुतेक व्याख्याने ऐकल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, जो वक्ता स्वतः केलेल्या कामाविषयी बोलला आणि प्रश्नांना सामोरा गेला, त्याचेच व्याख्यान ऐकण्याजोगे झाले. निमंत्रणपत्रिकेवर नावापुढे तीन-तीन ओळींची पदे छापलेल्या मान्यवरांकडून फारसे काही पदरात पडले नाही.

सर्वांत सरस व्याख्यान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांचे झाले. त्यांनी पडद्यावर काहीही दाखवले नाही. फळ्यावर खडूने पंचगंगेच्या पात्राचा आडवा छेद काढला आणि त्यावर दोन रेघा मारल्या. राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे इथे पाठ नसलेला माणूस मिळणे कठीण. परंतु त्या दोन रेघांमधील चार फुटांत पात्राची रुंदी कशी वाढत जाते आणि सुतारवाड्यातील कुटुंबांना दरवेळी सर्वांत आधी का हलवावे लागते, हे आमच्यापैकी अनेकांना त्या दिवशी प्रथमच डोळ्यांसमोर दिसले. शाहू महाराजांनी उभारणीस आरंभ केलेल्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तलावाची पातळी ठरावीक उंचीला पोहोचली की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी बाहेर पडते. त्यामुळे ‘दरवाजे कोणी उघडले’ म्हणून अधिकाऱ्यांच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले. पुढे कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा, म्हणजे त्याच्या फुगवट्याने आपल्याकडचा पूर वाढतो की नाही हा, विषय निघाला आणि सभागृह तापले. त्या धरणाची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरवर नेण्याच्या प्रस्तावाबद्दल प्रत्येकाचे मत ठाम होते व बोलण्याची घाईही होती. अध्यक्षांनी विषय आवरण्याची खूण केली, तरी अभियंत्यांनी एकेकाचे ऐकून घेतले. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी घरात पाणी शिरलेल्या मागच्या रांगेतील एक मावशी उठून म्हणाल्या, ‘‘साहेब, पाणी कुणाचं बी असू दे, येतंय आमच्याच सोप्यात. सामान कवा हलवायचं तेवढं सांगा.’’ यावर त्यांनी अलमट्टी बाजूला ठेवली आणि पुढची वीस मिनिटे पूरपातळीच्या बातम्या कशा वाचाव्यात, पाऊस धरणक्षेत्रात पडतो आहे की शहरात हे का पाहावे आणि घरातली कोणती कागदपत्रे आधी माळ्यावर न्यावीत, यावर खर्च केली.

त्याच तोडीचे दुसरे व्याख्यान एका वकील बाईंचे होते. विषय माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या 2007 च्या कायद्याचा असला, तरी त्यांनी सगळा कायदा वाचून दाखवण्याचा मोह टाळला आणि कलम 23 वरच भर दिला. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या किंवा नातेवाइकाच्या नावे केले आणि पुढे त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे, करायचा असतो. एका सभासदाने पिशवीतून आणलेली बक्षीसपत्राची छायाप्रत बाईंनी नाव झाकून वाचली. ‘प्रेम व आपुलकीपोटी’ हे शब्द त्यात दोनदा होते. सांभाळाविषयी एक अक्षरही नव्हते. अशी अट दस्तातच स्पष्ट लिहून घ्या, नंतर ती सिद्ध करत बसण्याची वेळ येऊ देऊ नका, हा त्यांचा सल्ला ऐकून सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. जाताना त्यांनी मोठ्या टाइपात छापलेले एक पान सर्वांना दिले, हे विशेष नमूद केले पाहिजे.

सायबर पोलिसांचे व्याख्यान उपयुक्त, पण घाईचे झाले. भामटे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ज्या ‘डिजिटल अटके’चा धाक दाखवतात, तशी कोणतीही कारवाई कायद्यात नाही आणि पैसे गेल्यास विनाविलंब 1930 वर फोन करावा, एवढे सर्वांच्या लक्षात राहिले. तेवढ्यात अधिकाऱ्यांना बंदोबस्ताचा फोन आला.

केशवराव भोसले नाट्यगृहावरील व्याख्यानाची गंमत वेगळीच होती. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले हे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाले. वक्ते अभ्यासू होते, सनावळी चोख होती, बोलणे मात्र सपाट होते. अर्ध्या तासाने श्रोत्यांतील एका निवृत्त प्रकाशयोजनाकाराने रंगमंचाच्या वरच्या फळ्यांवर बसून दिवे कसे फिरवावे लागत, हे हातवारे करून सांगायला सुरुवात केली आणि वक्त्यांनी मोठ्या मनाने ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती दिला. खरे व्याख्यान तिथून सुरू झाले. आपल्याच सभासदांत असे किती वक्ते बसलेले आहेत, याची यादी कार्यकारिणीने अद्याप केलेली नाही, ही मला या उपक्रमातील मोठी उणीव वाटते.

फसलेली व्याख्याने दोन जातींची होती. एका तज्ज्ञ डॉक्टरांनी गुडघेदुखीवर इंग्रजी मजकुराच्या चाळीसेक स्लाइड पडद्यावर भराभर पुढे सरकवल्या आणि शेवटी शस्त्रक्रियेच्या सवलतीची पत्रके वाटली. ‘गुंतवणूक मार्गदर्शन’ म्हणून आलेल्या गृहस्थांनी तर दारातच सभासदांचे मोबाइल क्रमांक लिहून घेतले, आणि त्यानंतर आठवडाभर आम्हाला त्यांच्या कार्यालयातून फोन येत राहिले. बोलावण्यापूर्वी वक्त्याशी स्पष्ट बोलून विक्रीला मनाई करणे संघाला अवघड नाही. सत्कारालाही कात्री लावायला हवी. शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प, परिचय, परिचयाचे आभार, असे करता करता पाऊण तास सरतो आणि प्रश्नांसाठी पाच मिनिटे उरतात, त्यातही निम्मे श्रोते चहाकडे वळलेले असतात.

सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे. पंख्यांच्या आवाजात मागच्या तीन रांगांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी पावणेपाचलाच येऊन पुढची खुर्ची धरावी. येत्या वर्षाच्या वक्त्यांसाठी सूचना मागवल्या आहेत. मी दोनच लिहून दिल्या: सत्कार दहा मिनिटांत उरकावा, आणि अभियंत्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात, नदीला पाणी चढण्याआधी, पुन्हा बोलवावे.