वाचक मिळवून देणाऱ्याने ११,१६९ रुपये उकळले

पैसे घेऊन वाचक मिळवून देण्याचे हे धंदे कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही. सोशल मीडियावरच्या आपल्या पेजवर कथा टाकायची, चार ओळखीच्यांचं 'खूप छान', मग सामसूम. अशा वेळी एकजण मेसेज करतो, 'ताई, तुमची कथा लोकांपर्यंत पोचवतो.' आणि त्याने ती वाचली होती हो! कथेतल्या आत्याबद्दल बोलत होता. कोण भुलणार नाही?

आधी घेतले १,४९९. रातोरात पाच हजार फॉलोअर. ते कुठल्या शहरांतले, हे पेजच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीत, दिसतं. मी उघडून पाहिलंही होतं! ढाका, जकार्ता, मनिला. पुणे-नाशिक औषधालाही नाही. माझी सातारी बोलीतली कथा जकार्तात कोण वाचतंय? विचारलं, तर म्हणाला, "परदेशातली मराठी माणसं आहेत, ताई." आणि मी गप्प बसले. या एका वाक्याची चीड अजून जात नाही.

मग 'खऱ्या वाचकांची मोहीम', ६,५००. वर १८ टक्के जीएसटीचे १,१७०, तेही वेगळ्या क्यूआरवर, कुणा बाईच्या खात्यात. ऑफिस म्हणे पुण्यात, पावतीवरचा जीएसटी नंबर मात्र ०९ने सुरू होणारा. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश, महाराष्ट्राचा २७. पण कथा लिहिणाऱ्या बाईने राज्यांचे कोड पाठ करायचे का? तुम्ही मात्र नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे.

शेवटी ई-बुकच्या आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, २,०००. भारतात राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो फुकट देते. अमेझॉनच्या किंडलवर ई-बुक टाकायला तर तो लागतच नाही. हे कळलं पैसे गेल्यावर.

पोलीस चौकीत साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवले ना? फॉलोअर आले ना? मग फसवणूक कुठे झाली?" शेजारचा हसत विचारतो, "लव्हस्टोरी लिहिता का मॅडम?" चौकी म्हणते सायबरकडे जा, सायबरवाले म्हणतात रक्कम छोटी आहे, हद्दीतल्या चौकीत द्या. बँकेत ऐकायला मिळालं, पिन तुम्हीच टाकलात. अर्ज लिहा, प्रत जोडा, उद्या या, साहेब बंदोबस्ताला गेलेत. लाखाचा गंडा असता तर निदान बसायला खुर्ची मिळाली असती. माझ्यासाठी ही शिकवण्यांची कमाई आहे, छोटी कशी?

पैसे गेले की तासाभरात १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. लाजत बसू नका. चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा, भांडण नंतर. माझ्याशी झालेलं सगळं बोलणं त्याने पुसून टाकलं. फॉलोअर विकत मिळतात, वाचक नाही: नव्या कथेवर त्या पाच हजारांतला एकही फिरकला नाही.

परवा एका नव्या मुलीच्या कथेखाली तोच दिसला, नाव बदलून. 'ताई, इनबॉक्समध्ये बोलू.' मी तिला सगळं कळवलं. तिने मलाच ब्लॉक केलं.