अ‍ॅस्ट्रो बॉट: बारा-पंधरा तासांचा गेम, पण आमच्याकडे अजून चालूच आहे

सोनीच्या प्लेस्टेशन ५ म्हणजे पीएस५ वरचा अ‍ॅस्ट्रो बॉट ६ सप्टेंबर २०२४ ला आला आणि मी तो त्याच आठवड्यात घेतला, पण तेव्हा लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण पहिल्या आठवड्यात मला सगळेच गेम आवडतात, नव्याचे नऊ दिवस संपल्यावर तो परत किती वेळा लावावासा वाटतो त्यावर माझं खरं मत बनतं. आता बरेच महिने झालेत, मधे चांगले मोठे मोठे गेम आले, खेळून झाले, काही तर मी जागा हवी म्हणून डिलीट पण केले, आणि टीव्हीसमोर दोन माणसं बसली की अजून पहिला हाच लागतो. म्हणून आता लिहिते.

तेव्हा जिकडेतिकडे एकच चर्चा होती, गेम गोड आहे पण छोटा आहे. मेन गेम बारा-पंधरा तासांत संपतो, सगळं गोळा करायचं म्हटलं तर अजून थोडा, मग एवढ्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे. आमच्या ग्रुपवर पण हाच सूर होता, सेल लागला की घेऊ. मला हे तासांचं गणित तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबातच पटत नाही. शंभर तासांचा ओपन वर्ल्ड (मोठ्या मोकळ्या जगात हवं तिथे फिरायचा) गेम घेतला तर त्यातले किती तास आपण नुसते मॅपवरच्या एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत पळत असतो, तोच कॅम्प साफ करा, तोच टॉवर चढा, त्याच वीस वस्तू शोधा, आणि शेवटी कंटाळून मेन स्टोरी उरकून टाकतो. इथे ऐंशीच्या वर लेव्हल्स आहेत आणि एकातही पाणी घालून वाढवलंय असं वाटत नाही. एखादी भन्नाट कल्पना येते, तुम्ही तिच्याशी मनसोक्त खेळता, आणि अजून हवी होती असं वाटत असतानाच लेव्हल संपते. काही कल्पना पुढे दोन-तीन लेव्हल्समधे परत येतात, काही एकदाच. दुसऱ्या एखाद्या कंपनीने त्यातल्या एकेका कल्पनेवर अख्खा गेम काढला असता.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅस्ट्रो हा छोटासा पांढरा रोबो, पीएस५ सोबत फुकट आलेल्या अ‍ॅस्ट्रोज प्लेरूममधे तुम्ही त्याला भेटला असालच. तो आणि त्याचे साथीदार रोबो, म्हणजे बॉट, यांचं यान म्हणजे खुद्द पीएस५ च्या आकाराचं. एक हिरवा खोडकर एलियन यानाचा सीपीयू, म्हणजे मेंदूच, पळवतो, यान वाळवंटात कोसळतं आणि सगळे बॉट अंतराळभर विखुरतात. आपण ड्युअलसेन्स, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरच्या आकाराच्या छोट्या यानावर बसून ग्रहाग्रहांवर जायचं, तीनशे बॉट परत आणायचे आणि यानाचे पार्ट जोडायचे. एवढीच गोष्ट. बनवणारी टीम असोबी, टोकियोची, साधारण साठ-एक माणसांची, त्यांचा प्रमुख निकोला डुसे. मोठ्या गेम्सच्या शेवटी बनवणाऱ्यांच्या नावांच्या याद्या संपता संपत नाहीत, त्यापुढे साठ म्हणजे खूपच कमी, आणि मला वाटतं गेम एवढा घट्ट झालाय त्याचं हेच कारण असावं. काय ठेवायचं नि काय काढायचं हे एका खोलीत बसून ठरवता येईल एवढीच ती माणसं आहेत.

आता कंट्रोलरबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे व्हिडिओ बघून कळतच नाही. ड्युअलसेन्समधे हॅप्टिक्स (हाताला जाणवणारी बारीक थरथर) आणि अ‍ॅडॅप्टिव्ह ट्रिगर (प्रसंगानुसार जड-हलकी होणारी मागची बटणं) आहेत हे आपण २०२० पासून ऐकतोय, पण बहुतेक गेम्समधे ते म्हणजे बंदूक चालवताना ट्रिगर जरा जड होतो, तेवढंच. इथे अ‍ॅस्ट्रो वाळूवरून चालला की हाताला चरचर लागते, धातूवर गेला की टकटक टकटक, पाण्यात शिरला की वेगळंच, आणि प्रत्येक पावलाचा बारीक आवाज टीव्हीतून नाही तर कंट्रोलरच्या छोट्या स्पीकरमधून येतो. डोळे मिटून खेळलात तरी आपण कशावर उभे आहोत ते सांगता येईल, मी खरंच करून बघितलंय.

लेव्हलमधे मिळणाऱ्या खास शक्तींपैकी माझी सगळ्यात आवडती पॉवर स्पंजवाली. अ‍ॅस्ट्रो कोरडा असतो तेव्हा छोटा, पाण्यात गेला की पाणी पीत पीत हा एवढा मोठा फुगतो, मग भिंती काय नि खडक काय सगळं फोडत जातो, आणि परत छोटं व्हायचं तर दोन्ही ट्रिगर दाबून पिळायचं. ते पिळणं असं बनवलंय की सुरुवातीला बोटांना जोर लावावा लागतो, मग एका क्षणी तो विरोध सुटतो आणि हातात पाणी निथळल्यासारखं थरथरत राहतं. बाबांच्या हातात कंट्रोलर दिला होता तेव्हा, त्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, त्यांना पुढे जायचंच नव्हतं, परत पाण्यात जायचे आणि परत पिळायचे. बेडकांचे बॉक्सिंग ग्लोव्ह्ज पण असेच, डावा ट्रिगर डावा हात, उजवा ट्रिगर उजवा हात, आणि स्प्रिंग ताणली जाते ती बोटाला कळते. पाठीवर बसणारा बुलडॉग आहे, त्याचं रॉकेट होतं. उंदीर आहे, त्याने आपण एकदम इवलेसे होतो आणि मघाशी ज्या झाडापाशी उभे होतो त्याच झाडाच्या आतून वर चढतो. वेळ जवळजवळ थांबवण्याची पॉवर आहे, एका कॅसिनोसारख्या लेव्हलमधे, तिथे सुसाट जाणाऱ्या गोष्टी मधेच गोठतात आणि आपण त्यांच्यावर पाय ठेवत पलीकडे जातो. ती लेव्हल मी कितीदा खेळले असेन माहीत नाही.

भाची सहा वर्षांची आहे. दादा-वहिनी सुट्टीत आले की ती दारातून आत येता येताच "आत्या, रोबो लाव" म्हणते. तिच्यामुळे मला या गेमची एक गोष्ट कळली जी मी एकटी खेळताना कधी लक्षातच घेतली नसती, की यात कोणी काही बोलतच नाही. वाचायलाही फार काही नाही. आपल्याकडे मोठे गेम सगळे इंग्लिशमधे, मराठीत तर काही येतच नाही, आणि मराठी शाळेतल्या पहिलीच्या मुलीला सबटायटल वाचून काय करायचं ते कोण सांगणार, सारखं शेजारी बसून समजवावं लागतं. इथे बॉट हात हलवून बोलावतो, केबलचं टोक बाहेर दिसतंय म्हणजे ओढायचं, जमिनीला तडा गेलाय म्हणजे फोडायचं, सगळं बघून कळतं. तिने पहिली स्काय गार्डनची लेव्हल मी एक शब्द न सांगता पूर्ण केली. एकदा धक्का लागला की अ‍ॅस्ट्रो मरतो खरं, पण किती वेळा मेलं याचा हिशोबच नाही, लाइफ संपली, गेम ओव्हर, असलं काही नाही, सेकंदाभरात जवळच्याच जागेवरून परत सुरू. त्यामुळे ती रडत नाही, चिडत नाही. आणि लेव्हल जमली नाही तर वाळवंटात आपल्या पडलेल्या यानापाशी जाऊन बसते, सोडवलेले सगळे बॉट तिथे जमलेले असतात, त्यांना लाथा मारा, ते मागे मागे येतात, एकमेकांना धरून शिडी करतात, अ‍ॅस्ट्रोला कपडे घाला, यानाला रंग लावा. त्यात तिचा अर्धा तास आरामात जातो.

त्या बॉट्सपैकी दीडशेच्या वर जुन्या प्लेस्टेशन गेम्समधल्या पात्रांच्या वेशात आहेत. ज्यांनी पीएस१, पीएस२ बघितलाय त्यांच्यासाठी हा सगळा वेगळाच आनंद आहे. आमच्याकडे पहिला पीएस२ मामाने दुबईहून आणला होता, आम्ही मामेभावंडं सगळी उन्हाळाभर त्याच्यासमोर, त्यामुळे कोपऱ्यातून एखादा ओळखीचा बॉट निघाला की माझ्या तोंडून ओरडणंच निघतं. पण नुसते चेहरे दाखवून थांबले नाहीत हे मला महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक गॅलेक्सीच्या, म्हणजे ग्रहांच्या एकेका गटाच्या, शेवटी एका जुन्या गेमवर अख्खी लेव्हल आहे, गॉड ऑफ वॉरमधे कुऱ्हाड फेकून परत बोलवायची आणि ती हातात येऊन बसते तो ठोका कंट्रोलरमधे लागतो, अनचार्टेडमधे बंदूक, आणि एप एस्केपमधे जाळी घेऊन माकडं पकडायची. एप एस्केप १९९९ चा, कंट्रोलरवरच्या दोन्ही स्टिक असल्याशिवाय खेळताच येत नव्हता असा पहिला गेम, म्हणजे कंट्रोलरचं कौतुक करायला त्यांनी बरोबर तोच गेम उचलला. भाचीला यातलं काही माहीत नाही आणि तरी माकडांची लेव्हल तिची सगळ्यात आवडती आहे.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत, त्या पण सांगते. सगळ्यात मोठी, दोघांनी एकत्र खेळता येत नाही. एवढा घरात सगळ्यांनी मिळून बघायचा गेम आणि दुसऱ्या कंट्रोलरला काहीच काम नाही, एकाचा डाव मेला की कंट्रोलर दुसऱ्याला द्यायचा असा नियम करून आम्ही चालवतो, पण तो आम्ही केलेला उपाय झाला, मुळात हवं होतं ते नाही. दुसरं, कठीणपणाचा मेळ नीट बसलेला नाही. मुख्य लेव्हल्स रोज गेम खेळणाऱ्याला सोप्या जातात, आणि मग छोट्या चॅलेंज लेव्हल्स येतात, त्यात मधे चेकपॉइंट नाही, शेवटच्या उडीला चुकलात की पहिल्यापासून. मला आवडतात त्या, पण भाचीसारख्या मुलांसाठी ते दार बंदच आहे. आणि तीनशे बॉट जमवल्यावर जी शेवटची चॅलेंज लेव्हल उघडते तिने माझा घाम काढला, बोटं दुखेपर्यंत खेळले, तरी ती जमली तेव्हा जो आनंद झाला तो बऱ्याच वर्षांत कुठल्या गेमने दिला नव्हता. कंट्रोलर हलवून, तिरका करून करायच्या काही गोष्टी मला अजून जमत नाहीत नीट. आणि गेम आला तेव्हा फायनल फँटसी या गेमचं कोणीच यात नव्हतं, प्लेस्टेशनचा इतिहास सांगायचा आणि त्यातला हिरो क्लाउड नाही, हे माझ्यासारख्या फॅनला लागलं.

पहिल्या आठवड्यात न दिसणारी अजून एक गोष्ट म्हणजे नंतर आलेल्या लेव्हल्स. ऑक्टोबर २०२४ पासून स्पीडरनच्या (कमीत कमी वेळात पूर्ण करायच्या) लेव्हल्स आल्या, डिसेंबरमधे बर्फातली एक लेव्हल, २०२५ च्या फेब्रुवारीपासून अजून पाच कठीण लेव्हल्स दर आठवड्याला एक अशा, आणि सगळ्या फुकट. गेममधे पैसे भरायचं दुकानच नाही. गाचाचं मशीन (नाणं टाकायचं, काय निघेल ते नशिबावर) आहे पण त्यात गेममधे मिळालेली नाणीच टाकायची, त्यामुळे लहान मुलाच्या हातात कंट्रोलर देऊन मी निर्धास्त स्वयंपाकघरात जाऊ शकते, आजकाल हे किती गेम्सबद्दल म्हणता येतं सांगा. स्पीडरनचे टायमिंग ऑनलाइन बोर्डावर दिसतात, त्यावरून माझी आणि दादाची जी चुरस लागली ती अजून चालू आहे, तो तिकडे बंगलोरला त्याच्या घरी रात्री नवीन टायमिंग नोंदवतो आणि सकाळी मला स्क्रीनशॉट टाकतो.

अ‍ॅस्ट्रो बॉट आला त्याच दिवशी, ६ सप्टेंबरलाच, सोनीने स्वतःचाच कॉनकॉर्ड हा ऑनलाइन शूटर बंद केला होता. तो २३ ऑगस्टला आला होता, लोकांनी वर्षानुवर्षं रोज येऊन खेळावा म्हणून बनवलेला, दोन आठवडे चालला. आणि हा बारा-पंधरा तासांचा म्हणून ज्याला नावं ठेवली त्याला डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समधे गेम ऑफ द इयर मिळालं, वर बेस्ट फॅमिली गेम पण. माझा मुद्दा पुरस्काराचा नाही, पण लोक एखाद्या गेमकडे परत का येतात ते ठरवायला तास मोजून काही हाती लागत नाही हे एवढं स्पष्ट क्वचितच दिसतं.

घ्यायचा विचार असेल तर डिस्क घ्या असं मी सांगेन, मित्रमंडळींत फिरवता येते आणि पुढे विकायची झाली तर विकता येते, डिजिटलमधे ते नाही. तसा स्टोरेजवर हा गेम हलका आहे, हल्ली एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो आणि जुन्या पीएस५ मधे वापरायला मिळतात साडेसहाशेच्या आसपास, त्यामुळे हा मी कधी काढलाच नाही. घरात लहान मूल असेल तर आधी फुकटची प्लेरूम खेळायला द्या, तीन-चार तासांची आहे, उडी मारून बटण धरून ठेवलं की अ‍ॅस्ट्रो हवेत तरंगतो हे एकदा हाताला बसलं की मग यात काही अडत नाही. बॉट राहून गेले तर परत लेव्हल सुरू करताना दोनशे नाणी देऊन एक पक्षी सोबत घेता येतो, तो लपलेल्या जागा दाखवतो, त्यामुळे यूट्यूब उघडायची गरज नाही. स्पॉइलर तर बिलकुल बघू नका, विशेषतः शेवटच्या बॉस फाइटचे.