हँड पॅलेट ट्रक आणि इलेक्ट्रिक स्टॅकर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गोदामात आठ महिन्यांपूर्वी अडीच टन क्षमतेचे दोन हँड पॅलेट ट्रक (पॅलेट, म्हणजे माल रचायचा फळ्यांचा सांगाडा, किंचित उचलून हाताने ओढायच्या गाड्या) आणि दीड टनाचा एक इलेक्ट्रिक स्टॅकर (पॅलेट रॅकवर उंच चढवणारे बॅटरीवरचे यंत्र) आला. तिन्ही रोज वापरल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, खरेदीच्या वेळी टनांचा आकडा शेवटी पाहावा. त्याआधी आपली पॅलेट, आपली जमीन आणि रॅकची उंची नीट पाहावी.

स्टॅकरवर लिहिलेला दीड टनाचा आकडा भाराचा मध्य फोर्कच्या (पॅलेटमध्ये शिरणाऱ्या दोन आडव्या पात्यांच्या) टाचेपासून, म्हणजे मागच्या उभ्या बाजूपासून, 600 मिलिमीटरवर असताना आणि फोर्क ठरावीक उंचीपर्यंतच उचललेले असताना लागू होतो. त्यापुढे क्षमता घटत जाते. मास्टवरच्या, म्हणजे फोर्क ज्यावर वर-खाली सरकतात त्या उभ्या खांबावरच्या, तक्त्यात हे स्पष्ट छापलेले असते, पण आम्ही तो तक्ता रॅक भरायला घेतल्यावर वाचला. आमच्या सर्वांत वरच्या कप्प्यासाठी तो आकडा जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे जड माल खाली आणि हलका वर अशी मांडणी आम्हाला नव्याने करावी लागली.

दुसरी अडचण पॅलेटची निघाली. या स्टॅकरचे आधाराचे पाय फोर्कच्या बरोबर खाली असल्यामुळे ज्या पॅलेटला तळालाही आडव्या फळ्या आहेत, तिच्यात तो शिरूच शकत नाही. अशा पॅलेटमध्ये हँड पॅलेट ट्रक कसाबसा जातो. मात्र पुढची चाके तळाच्या फळीवर असताना दांडा मारला, तर फोर्क वर जातात, चाके फळीला खाली रेटतात आणि खिळे उचकटून फळी सुटते. आमच्या चार पॅलेट अशाच गेल्या.

हँड पॅलेट ट्रकबद्दल मात्र मी समाधानी आहे. फोर्क साधारण 85 पासून 200 मिलिमीटरपर्यंत उचलतात आणि माल जमिनीपासून सुटण्यापुरती उंची पुरेशी असते. एका ट्रकला नायलॉनची चाके आहेत, दुसऱ्याला पॉलियुरेथेनची. नायलॉनचा ट्रक भरल्या भाराने हलका ओढला जातो, पण खडखडाट फार करतो. पॉलियुरेथेनचा शांत चालतो आणि जमिनीला जपतो. एकदा ट्रक अचानक जड झाला, तेव्हा आडवा करून पाहिला तर खोक्यांची प्लॅस्टिकची पट्टी पुढच्या चाकाच्या आसाभोवती घट्ट गुंडाळलेली होती. तेव्हापासून दर शनिवारी चाके तपासतो. उचलण्याच्या पंपात तेल भरल्यावर फोर्क उचलेनासे झाले, तर आत हवा अडकलेली असू शकते. दांड्यावरचा खटका ‘खाली’ या स्थितीत धरून दांडा दहा-पंधरा वेळा मारल्यावर ती निघून जाते.

स्टॅकरच्या लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर पूर्ण चार्जिंग झाल्यावरच घालावे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत असल्याने ती जागा हवेशीर हवी. आम्ही ती बंद खोलीतून दाराजवळ हलवली.

पुढचा स्टॅकर आम्ही पॅलेटच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या रुंद पायांचा घेणार आहोत. त्या पायांसाठी दोन पॅलेटमध्ये मोकळी जागा सोडावी लागेल आणि तिचे मोजमाप आम्ही आताच घेत आहोत.