नायट्रसच्या इंजिनाला कॅम करायचा असेल तर हिंगणघाटकडचं हे वर्कशॉप

जिनिंगच्या रांगेमागचं हे वर्कशॉप मुळात ट्रॅक्टरवाल्यांचं. दारात उघडे ब्लॉक पडलेले, आत लेथ आणि कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घासायचं जुनं मशीन. तरी नायट्रसच्या (जादा ताकदीसाठी इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडणाऱ्या) गाडीचा कॅम करायचा असेल, तर नागपूरच्या आधी मी इथंच जायला सांगेन.

माझी एस्टीम, १३०० सीसीची, सोळा व्हॉल्व्हवाली, फक्त बंद ट्रॅकवर पळते. नायट्रसचा शॉट, म्हणजे बाटली उघडल्यावर मिळणारी जादा ताकद, पंच्याहत्तर हॉर्सपॉवरचा आहे. एका ट्यूनरने मला लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा), भरपूर ओव्हरलॅपचा (हवा घेणारा इनटेक आणि धूर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे ठेवणारा) कॅम लिहून दिला होता. वर्कशॉपच्या मिस्त्रींनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "नायट्रस मारतं नं भाऊ? मंग एवढा ओव्हरलॅप काऊन पाह्यजे?"

पुढं त्यांनी जे समजावलं ते सोनं आहे. साध्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे राहिले की बाहेर जाणारा धूर ताजी हवा आत ओढतो. नायट्रसला त्या ओढीची गरज नाही. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये ३६. साधारण ३०० अंश सेल्सिअसला तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. ओव्हरलॅप जास्त ठेवला तर तोच महागडा माल न जळता सायलेन्सरकडं पळतो. उलट जास्त पेट्रोल जळाल्याने धूर वाढतो, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडून जास्त वेळ उघडा हवा. त्यांनी एक्झॉस्टची ड्युरेशन इनटेकपेक्षा १० अंश जास्त ठेवली, लोबमधलं (कॅमवरच्या व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांमधलं) अंतर ११४ अंश. सिंगल कॅमला (सगळ्या व्हॉल्व्हना एकच दांडा) हे अंतर एकदा घासलं की पुली फिरवून बदलत नाही, म्हणून मोजमाप करणारा माणूस पक्का लागतो.

आणि हा माणूस पक्का आहे. प्रत्येक लोबला डायल गेज (बारीक मोजमापाचं घड्याळ) लावलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट लोब किंचित मोठा निघाला, लगेच परत मशीनवर. मग व्हॉल्व्ह पिस्टनला आपटणार नाही ना हे बघायला पिस्टनवर चिकणमाती थापली, हेड बसवून क्रँक पान्याने हळूहळू फिरवला, हेड काढलं आणि व्हॉल्व्हचा ठसा उमटला तिथली मातीची जाडी मोजून दाखवली. पैसे त्यानंतर घेतले. बाटली बंद असतानाही गाडी खालच्या आरपीएमला रडत नाही, आयडल शांत आहे.

माझ्या मित्राचा शॉट छोटा, पन्नासच्या आतला. त्याला त्यांनी सरळ सांगितलं, कंपनीचाच कॅम राहू दे, पैसे टायरमध्ये घाल. गिऱ्हाईक परत पाठवणारा मिस्त्री मला दुसरा भेटला नाही.

पेट्रोलचं आणि इग्निशनचं ट्यूनिंग ते करत नाहीत. ठिणगीचं टायमिंग मागं घेणं वगैरे दुसरीकडं करून घ्यावं लागतं. पेरणीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा ट्रॅक्टर आधी, आणि ते योग्यच आहे. जाताना जुना कॅम, रॉकर (कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह दाबणारे हात) आणि नायट्रसच्या जेटचा (वायू सोडणाऱ्या छिद्राचा) नंबर न्या. जेट विचारल्याशिवाय ते मशीन सुरू करत नाहीत.