उसाच्या खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड : दोन हंगामांचा अनुभव

आमच्या सुरू, म्हणजे थंडीत लागण केलेल्या, उसात उन्हाळा तापू लागला की खोडकिडा ठरलेलाच असतो. मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, वाळतो, धरून ओढला की सहज हातात येतो आणि त्याच्या बुडाला कुजल्याचा घाण वास असतो. त्यावर दाणेदार औषध टाकण्याचा घरचा रिवाज बाजूला ठेवून मी गेले दोन हंगाम ट्रायकोकार्डे वापरली.

एका कार्डावर तांदळातील पतंगाची सुमारे २०,००० अंडी डिंकाने चिकटवलेली असतात आणि त्यांतील बहुतेक अंड्यांत ट्रायकोग्रामा या परोपजीवी माशीचे पिल्लू वाढत असते. बाहेर पडणारी माशी एक मिलिमीटरही भरत नाही. ती पानामागे घातलेली खोडकिड्याची अंडी शोधून त्यांतच आपले अंडे घालते, त्यामुळे त्यातून अळी न निघता पुन्हा माशीच निघते. अळी एकदा कोंबात शिरली की मात्र या कार्डाचा उपयोग नाही. म्हणून लागणीनंतर महिनाभराने, पोंगे वाळण्याची वाट न पाहता, एकरी दोन-तीन कार्डे दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावावी लागतात.

पहिल्या हंगामात मी तालुक्याच्या एका दुकानातून कार्डे आणली आणि फसलो. घरी भिंग लावून पाहिले, तर काळ्या अंड्यांना बारीक गोल भोके पडलेली होती आणि पिशवीच्या तळाशी मेलेल्या माश्यांची काळी भुकटी साचली होती, म्हणजे माश्या आधीच निघून गेल्या होत्या. कार्डावर तारीख नव्हती. वर ‘माव्यालाही (पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीलाही) चालते’ असे सांगून दोन कार्डे जास्तीची गळ्यात मारली गेली, ती निराळीच. ट्रायकोग्रामा अंड्यांवर जगते आणि आपल्या हवेत मावा बहुतेक थेट पिल्लेच देतो. तेथे ती बिचारी काय करणार? माव्यात अंडे घालणाऱ्या माश्या वेगळ्या आहेत. कोबीवरचा मावा फुगून तपकिरी, कडक मण्यासारखा झालेला दिसतो, ते त्यांचे काम असते आणि फवारणी टाळली तर त्या बऱ्याचदा आपणहून येतात.

दुसऱ्या वर्षी कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आधी मागणी नोंदवली, तारीख घातलेली कार्डे बर्फाच्या डब्यातून आणली, पट्ट्या कापल्या आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला स्टेपलरने टाचल्या. पहिल्या खेपेला घाई झाली. माश्या निघायला दोन-तीन दिवस अवकाश होता आणि तेवढ्यात मुंग्यांनी काही पट्ट्या साफ केल्या. पुढच्या खेपांना अंडी पूर्ण काळी होऊन माश्या निघण्याच्या बेतात असतानाच पट्ट्या लावल्या आणि तो त्रास बराच कमी झाला. या काळात शेजारच्या बांधावरून कीटकनाशकाचे तुषार येणार नाहीत, एवढे सांभाळावे लागते. ते सांगून-विनवूनच होते.

विहिरीकडचा तुकडा मी मुद्दाम कार्डांविना ठेवला होता. तेथे वाळलेले पोंगे उघड जास्त होते, पण कार्डे लावलेल्या भागातही मे महिन्यात ते दिसलेच, कारण कडक उन्हात ही नाजूक माशी फार टिकत नाही. शिवाय माशी काही सरी ओळखून थांबत नाही, त्यामुळे माझी तुलना काटेकोर म्हणता येणार नाही. तरीही येत्या लागणीसाठी मागणी नोंदवली आहे, या वेळी बाळबांधणीच्या, म्हणजे कोवळ्या उसाच्या बुडाला हलकी माती लावण्याच्या, तारखा जुळवून. दुकानातून मात्र तारखेविना कार्ड घेणार नाही.