दादरचं फिजिओथेरपी केंद्र: जन्मजात हृदयदोष असलेल्यांनी जावं का?

लहानपणी फॅलोज टेट्रालॉजीचं (हृदयातले चार जन्मजात दोष एकत्र) ऑपरेशन झालेली मी, पीटीच्या तासाला कायम सावलीत बसवलेली. इथला व्यायाम ‘हाय इंटेन्सिटी’, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा, हे ऐकूनच आईने कपाळाला हात लावला. पण दादर पश्चिमेच्या या केंद्रात कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी, ताजा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि मास्क लावून केलेली व्यायाम चाचणी, एवढं दिल्याशिवाय ट्रेडमिलला हात लावू देत नाहीत. मला हेच सगळ्यात आवडलं. ठोक्यांची कमाल मर्यादा काढायचं २२० वजा वय हे गणितही इथे चालत नाही. आपल्यापैकी अनेकांचे ठोके मुळात तेवढे चढतच नाहीत, म्हणून मर्यादा चाचणीतल्या आकड्यावरून ठरते.

वॉर्मअपनंतर चार मिनिटं चढावर जोरात, तीन मिनिटं हळू, असे चार फेरे. मध्येच ६ ते २० च्या बोर्ग मापावर (६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे कमाल) दमणूक विचारतात. ‘सतरा’ म्हटलं की मॅडम वेग तसाच ठेवतात (निर्दयपणे), ‘गरगरतंय’ म्हटलं की त्याच क्षणी मशीन बंद. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) हाताशी असतो. ठोके मोजायचा छातीचा पट्टा मात्र नेमका जुन्या व्रणावर घासतो, आतून पातळ सुती बनियन घाला.

एसी नावापुरता. ऑक्टोबरात जीव नकोसा होतो. फी महाग, आणि माझ्या मेडिक्लेमने ती दिली नाही. संध्याकाळच्या वेळा नोकरदारांनी आधीच पटकावलेल्या, सकाळी सातची मागा. महाधमनी रुंदावलेली असेल किंवा पेसमेकर असेल तर फोनवरच सांगा, त्यांचा कार्यक्रम वेगळा आखतात.